दादाने नवरदेवाचा लिलाव पुकारला

आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेवर जी वेळ छापतात ना, ती कुणी खरी धरत नाही. अकरा बावन्न छापलं की लोक समजून जातात, अक्षता पडणार एक वाजता. मधल्या तासाभरात पुढाऱ्यांचे सत्कार, आशीर्वादाची भाषणं, गेटवर नाचत अडकलेली वरात, आयत्या वेळी हरवलेली मामाची टोपी, हे सगळं धरूनच पाहुणे घरून निघतात. आचारीही तेच धरून शेगडी पेटवतो. माझ्या लग्नात नेमकं हेच नडलं, आणि नडलं ते माझ्या सासऱ्यांमुळे.

माझे सासरे ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले. हातातल्या आणि भिंतीवरच्या घड्याळात अर्ध्या मिनिटाचा फरक दिसला तर त्यांना घास उतरत नाही. पण त्यांच्याकडे नंतर येते. आधी दादाची ओळख करून देते, कारण लग्न माझं असलं तरी गोष्ट त्याची आहे.

माझा दादा, गोरक्ष, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. लासलगावच्या मार्केट यार्डात तो कांद्याच्या लिलावाचा पुकारा करतो. ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या, एकेका ट्रॉलीभोवती व्यापाऱ्यांचा घोळका, आणि त्या गलक्यात उभं राहून हा बोली वाढवत नेतो. एका ट्रॉलीला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. तेवढ्यात कुणी मान हलवली, कुणी बोट उचललं, कुणी नुसती भुवई उडवली, सगळं टिपायचं आणि तोंड मात्र क्षणभर थांबू द्यायचं नाही. बारावीनंतर तो तिथं वजनकाट्यावर कामाला लागला होता. एक दिवस पुकारा करणाऱ्या काकांचा घसा बसला. कुणीतरी म्हणालं, "ए पोरा, तू ओरड जरा." पोरगा असा काही ओरडला की काकांना दुसऱ्या दिवसापासून दुसरं काम शोधावं लागलं. अकरा वर्षं झाली त्याला.

घरी मात्र त्याचा आवाज निघायचा नाही. दिवसभर घसा फोडून आलेला माणूस, संध्याकाळी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायचा आणि मग खुणांनीच भाकरी मागायचा. आई वैतागायची, "अरे, जगाला ऐकवतो, आम्हालाबी ऐकव की चार शब्द!" तो हसायचा. मी नाशिकला नर्सिंगला होते तेव्हा दर रविवारी डबा घेऊन होस्टेलच्या गेटवर यायचा. माझ्या मैत्रिणींना तीन वर्षं वाटत होतं की तेजस्विनीचा भाऊ मुका आहे.

आता माझं पाप सांगते. आमचा साखरपुडा घरी दारात झाला. टॉवेल-टोपीचा मान घ्यायला एकेका पाहुण्याचं नाव पुकारायचं असतं, ते दादाने पुकारलं. सवयीचा माणूस, पस्तीस-चाळीस नावं त्याने दहा मिनिटांत उरकली. सार्थकच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, भावंडांनी त्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सार्थकने तो मला दाखवला, तोही बिचारा कौतुकानेच. मला मात्र त्याच्याखालचे ते हसून हसून रडणारे पिवळे चेहरे तेवढे दिसले. मोजले नाहीत, पण पुष्कळ होते.

हळदीच्या दिवशी दादा मांडवाला झेंडूच्या माळा बांधत होता. मी खाली उभी राहून म्हणाले, "दादा, उद्या लॉन्सवर माइक घेऊ नको हं. त्यांनी रिसेप्शनला अँकर ठरवलीये." तो शिडीवरून म्हणाला, "बरं." एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण माझी जीभ! वर आणखी म्हणाले, "नाही, तिथं सगळी शहरातली माणसं असतील ना." त्याने सुतळीची गाठ मारली आणि पुन्हा म्हणाला, "बरं." आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

लग्न नाशिकला, आडगावच्या बाजूच्या एका लॉन्सवर होतं. एप्रिलचं ऊन, आणि तिथी इतकी दाट की प्रत्येक पाहुण्याच्या खिशात त्या दिवशीच्या आणखी दोन पत्रिका. सासऱ्यांनी आल्या आल्या जाहीर केलं, "सत्कार नंतर. मुहूर्त म्हणजे मुहूर्त." सगळे हसले. त्यांना वाटलं, म्हणतात असं सगळेच. पण अकरा बावन्नला भटजींनी मान वर केली, सासऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि पडल्या की अक्षता! निम्मी माणसं अजून गाड्या लावत होती. माझी मैनाआत्या मुठीत अक्षता घेऊन धापा टाकत पोचली तोवर मी हार घालून मोकळी झाले होते. "अगं बया, झालंबी?" म्हणून ती तिथंच कपाळाला हात लावून बसली. मग तिने त्या अक्षता सार्थकच्या डोक्यावर एकटीनेच टाकल्या.

अण्णा, माझे वडील, धावत मागे स्वयंपाकाकडे गेले. आमचे आचारी गेणूभाऊ निवांत पंचा डोक्यावर घेऊन बसलेले. भाताचं आधण अजून ठेवायचं होतं, पुऱ्यांची कणीक परातीत. "अण्णा," ते म्हणाले, "मला काय माहीत तुम्ही खरंच टायमावर लावाल! माझ्या उभ्या जन्मात असं झालं नाय. सव्वा वाजल्याशिवाय पंगत बसत नाय बघा." तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. नऊशे माणूस भुकेलं, वर ऊन, आणि पंगतीला तासाभराहून जास्त अवकाश. जेवण मुलीकडचं होतं. पाहुणा उपाशी गेला तर नाव अण्णांचं जाणार होतं. जन्मभर ज्यांनी दारातून कुणाला पाण्याशिवाय पाठवलं नाही, ते अण्णा.

आणि मी कुठे होते? स्टेजच्या मागच्या खोलीत, रिसेप्शनची तयारी करत. ब्युटीशियन छायाताईंनी माझ्या डोक्यातल्या पिना काढायला घेतल्या होत्या. "तास लागेल. हलायचं नाही," त्यांनी दम दिला. खोलीच्या भिंतीपलीकडेच स्पीकर असल्यामुळे बाहेरचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हॅलो, हॅलो, नाशिक! एनर्जी कुठे गेली?" अँकर पोरगी ओरडत होती. एनर्जी कुठे जाणार, पोटात काही असेल तर ना! तिने फुगे फोडायचा खेळ काढला. नवराबायकोने दोघांच्या मध्ये फुगा धरून फोडायचा म्हणे. आमच्याकडच्या बायका पदर तोंडाला लावून खुर्च्यांना घट्ट चिकटल्या. सासरकडची माणसं मोबाईलमध्ये मान घालून बसली. मधल्या रस्त्याच्या अलीकडे आमचे, पलीकडे त्यांचे, जणू कुणी बांध घातला होता. "एकदा जोरदार टाळ्या!" ती म्हणाली आणि मला नुसती कूलरची घरघर ऐकू आली. पोरगी वाईट नव्हती हो. पण भुकेल्या माणसांना फुगे दाखवून काय होणार?

एवढ्यात दार उघडून माझ्या सासूबाई, ललिताबाई, आत आल्या. चेहरा उतरलेला. "तेजस्विनी, तुमच्याकडचे लोक निघालेत गं. दुसऱ्या लग्नाला पोचायचंय म्हणतात. एक लक्झरी बस चालू करून उभी आहे. तुझे वडील गेटवर हात जोडून एकेकाला थांबवतायत. मला बघवेना."

अण्णा गेटवर, भर उन्हात, हात जोडून. त्या गर्दीला थांबवू शकेल असा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता, आणि त्याचं तोंड मीच बंद केलं होतं.

मी दादाला फोन लावला. तो गेणूभाऊंकडे पुऱ्या लाटायला बसला होता.

"दादा, माइक घे."

"अँकर हाय ना."

"तिचं काही चालत नाहीये. लोक निघालेत. अण्णा गेटवर उभे आहेत. घे ना रे!"

तो म्हणाला, "तिथं सगळी शहरातली माणसं हायेत, तेजू."

टोमणा नव्हता त्यात. तो खरंच माझी काळजी करत होता, म्हणून तर ते जास्त झोंबलं.

"असू देत," मी म्हणाले. "तू मार्केटात बोलतो ना, तसंच बोल."

"लय मोठ्यांदा होईल."

"होऊ दे!" मी इतकी किंचाळले की छायाताईंच्या हातातली पिन माझ्या टाळूत घुसली.

पुढचं मी आधी कानांनी ऐकलं आणि नंतर लग्नाच्या व्हिडिओत डोळ्यांनी बघितलं. दादा पिठाचे हात पुसत स्टेजवर चढला. साउंडवाला धम्मपाल त्याच्या ओळखीचा. त्याला म्हणाला, "धम्मा, आवाज निम्मा कर, माझा मला पुरतो." आणि मग खोलीच्या पत्र्याला कापरं भरलं.

"ए लासलगावची लक्झरी, गाडी बंद कर! लिलाव चालू झालाय. माल बघितल्याबिगर कुणी यार्ड सोडायचं नाय!"

बाहेरची गाडी बंद झाल्याचं मला आत ऐकू आलं. आमच्या लोकांना हा आवाज रोजचा. पाय आपोआप थबकतात. दादाने सार्थकला, सुटाबुटात, एका खुर्चीवर उभं केलं.

"बघून घ्या मंडळी! उन्हाळी माल हाय, टिकाऊ. रंगाला एक नंबर. मोड नाय, काजळी नाय. जरासा मऊ लागतो, पण ते नाशिकचं पाणी हाय, त्याला इलाज नाय! अलीकडं मुलीकडची पार्टी, पलीकडं मुलाकडची. ज्याची बोली चढली, नवरदेव त्याचा. आणि हरली ती पार्टी कंबर बांधून जेवण वाढणार! एक गोष्ट आधीच सांगतो, पैशाची बोली चालणार नाय. पैशात नवरदेव इकायचे दिवस गेले. काय देणार ते कबूल करायचं आणि जन्मभर पाळायचं. नऊशे साक्षीदार हायेत. बोला!"

हशा पिकला, तोही दोन्ही बाजूंनी. पहिली बोली मैनाआत्याची. "दर सालाला एक बरणी कैरीचं लोणचं, माझ्या हातचं!"

"लोणच्याची बरणी, लोणच्याची बरणी, लोणच्यावर कोण? शहरवाले गप का? लोणच्यात हरता का?"

सार्थकचा आतेभाऊ, तोच व्हिडिओवाला, खुर्चीवरून उठला. "महिन्यातून एकदा वहिनीला मिसळ, माझ्याकडून!"

"मिसळ आली! मिसळीवर कोण? मागच्या रांगेत निळा कोट, भुवई उडाली, बोली धरली!"

निळा कोट म्हणजे सार्थकचे मामा, दातांचे डॉक्टर. दचकून उभे राहिले. "अहो, मी माशी हाकलत होतो!"

"माशी तुमची, बोली आमची! बोला डॉक्टर!"

मामांनी डोकं खाजवलं. "बरं बाबा, दोन्ही घरच्या सगळ्यांचे दात. तपासायची फी नाही!" आमच्या बाजूच्या म्हाताऱ्यांनी जो काही गलका केला! निम्म्यांच्या तोंडात दातच नव्हते, तरी टाळ्या त्यांच्याच जास्त.

मग थांबतंय कोण? कुणी शेतातल्या हुरड्याचं बोलावणं लावलं, कुणी द्राक्षांची पेटी. ती अँकर पोरगी दुसरा माइक घेऊन रांगारांगांतून पळायला लागली, आणि आता तिला एनर्जी कुठे आहे हे विचारावं लागत नव्हतं. माझे सासरे उभे राहिले. "सुनेला चारचाकी शिकवीन. सकाळी सहाला. सहा म्हणजे सहा!" तेवढ्यात गेटवरून अण्णांचा आवाज आला, आणि तोही हसरा. "दर साली आठ दिवस माहेरपण! लेकीला नाय, जावयाला!" खुर्चीवर उभा सार्थक खाली वाकून अण्णांना नमस्कार करायला गेला आणि पडता पडता वाचला.

आणि मग ललिताबाई बोलल्या. माइक त्यांच्या तोंडापासून लांब असावा, मला नीट ऐकायला कान भिंतीला लावावा लागला. "तेजस्विनी ड्युटीवरून आली की चहा माझ्या हातचा. किती का वाजलेले असेनात."

बाहेर शिट्ट्या वाजल्या. माझे डोळे भरून आले. "रडू नका, आयलायनर!" छायाताई ओरडल्या.

"सासूच्या हातचा चहा!" दादा पुकारत होता. "ह्याच्या वर कुणी हाय का? मुलीकडची पार्टी, हाय का दम? बादल्या उचलायच्या का? चहा एक वार..."

मला बसवेना. निम्मे केस वर बांधलेले, निम्मे मोकळे, पाठीवर ब्लाऊजची लोंबती नाडी, अशी मी उठले आणि पळत सुटले. छायाताई कंगवा घेऊन मागून. "चहा दोन वार..." एवढ्यात मी स्टेजवर चढून ओरडले, "थांब! माझी बोली राहिलीये."

माझा अवतार बघून नऊशे माणसं खो खो हसली. दादाही. त्याने मंडळींना विचारलं, "नवरीला बोली लावता येती का?" "येते, येते!" म्हणून दोन्ही बाजू ओरडल्या. त्याने माइक माझ्या हातात दिला. तो गरम होता आणि त्याला पीठ लागलं होतं.

"मी काल ह्याला सांगितलं," मी म्हणाले, "की माइक घेऊ नकोस, तिथं शहरातली माणसं असतील. मला माझ्या भावाच्या आवाजाची लाज वाटली. ह्याच आवाजावर मी शिकले, ह्याच आवाजावर आज इथे उभी आहे. रोज घरी येईपर्यंत ह्याचा घसा गेलेला असायचा, तो कुणासाठी गेलेला असायचा हे मला कळायला हवं होतं. दादा, माझं चुकलं. सगळ्यांच्या देखत मी तुझी माफी मागते. हीच माझी बोली."

मी माइक परत दिला. दादाने तो तोंडाशी नेला.

"तेजूची बोली," तो म्हणाला. "तेजूची बोली, एक वार."

जरा थांबून, "दोन वार."

आणि पुढे काहीच नाही. ओठ हलत होते, पण शब्द बाहेर पडेना. अकरा वर्षांत ज्याचा पुकारा मध्ये तुटला नाही, तो माणूस दोन शब्दांपाशी अडकला होता. माझ्याकडे बघत नुसता उभा. मागून त्याच्या मार्केटातल्या एका हमालाने हाळी दिली, "तीन वार!" मग मैनाआत्या, मग तो व्हिडिओवाला, मग निळा कोट चक्क खुर्चीवर चढून, आणि मग सगळा मांडव एका आवाजात, "तीन वार!" बांधाच्या अलीकडचे कोण आणि पलीकडचे कोण, काही कळत नव्हतं.

सासऱ्यांनी घड्याळ बघितलं. एक वाजून सोळा मिनिटं. गेणूभाऊ दारात उभे राहून हात हलवत होते, पुऱ्या तळून तयार. आता वाढणार कोण? नवरी जिंकली म्हणजे दोन्ही पार्ट्या हरल्या, असा निकाल सासऱ्यांनीच दिला आणि कोट काढून वरणाची बादली पहिली त्यांनी उचलली. मग काय विचारता! आमचे काका त्यांच्या मामांना जिलबीचा आग्रह करतायत, त्यांच्या वहिन्या आमच्या म्हाताऱ्यांना भातावर तूप वाढतायत. लक्झरीचा ड्रायव्हरही जेवून मगच गाडीत बसला. अण्णा गेटवरून आले ते थेट पंगतीत, मोकळ्या हातांनी, मान ताठ. त्या दिवशी एकही माणूस उपाशी गेला नाही.

दादाला मी माझ्या शेजारी बसवलं. त्याचा घसा पुरता बसला होता, खुणांनीच मीठ मागत होता. एवढ्यात सासरे वरणाची बादली घेऊन त्याच्यापुढे आले. बाही कोपरापर्यंत दुमडलेली.

"गोरक्षराव," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात माझ्या पुतणीचं लग्न आहे. सगळी नाशिकचीच माणसं. माइक तुम्ही घ्याल का?"

दादाने आधी माझ्याकडे बघितलं. त्याच्याकडे आवाज नव्हता, म्हणून उत्तर मी दिलं, आणि इतक्या मोठ्यांदा दिलं की पंगतीतली सगळी माणसं हातातला घास तसाच धरून वळून बघायला लागली.

"घेईल! का नाही घेणार? माझा भाऊ आहे तो!"